सोंगातला शब्द

फसवणूक तुम्ही केलीत, साहेब. गावानं नाही, पाटलानंही नाही, तुम्ही. पाटील पिढीजात पाटील. विंचवाला नांगी असते हे आंधळ्यालाही ठाऊक असतं, म्हणून आंधळा वहाण घालून चालतो. पण तुम्ही पंचायत समितीच्या जीपमधून आलात, ‘बंधूंनो आणि भगिनींनो’ म्हणालात, आणि एका बाईच्या जिभेनं तिच्याच पुऱ्याच्या घशाला कोरड पाडून घेतलीत. वर टाळ्या वाजवल्यात. पाटलानं निदान टाळ्या तरी कधी वाजवल्या नव्हत्या.

गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर तुम्हीच म्हणाल, त्या एका गावाची गोष्ट आहे. नांदुऱ्याच्या उत्तरेला, पूर्णेच्या अंगानं गेलात की कुठलंही गाव धरा. काळी कसदार जमीन, वर कपाशी डोलते आणि खाली मीठ. विहीर खणावी तर खारं पाणी. त्या पाण्यात तुरीची डाळ दिवसभर उकळली तरी दाणा दाण्याला ओळखत नाही. गोडं पाणी साऱ्या गावात एकाच विहिरीला, ती शेषराव पाटलाच्या मळ्यात.

बौद्धपुऱ्यातल्या बाया त्या विहिरीच्या धक्क्याखाली घागरी मांडून बसत. वरून कुणी पाणी ओढलं आणि त्याला दया आली तर तो त्यांच्या घागरीत ओतायचा. दया यायला कधी उशीर व्हायचा, कधी ती यायचीच नाही. धम्म घेतल्यापासून पुऱ्यानं मेलेली ढोरं ओढणं सोडलं, वेशीवरची चाकरी सोडली, शिळं मागणं सोडलं. बदल्यात गावानं काय सोडलं? काही नाही. पाणी वरून ओतायची तेवढी रीत जपून ठेवली, जशी काही तीच संस्कृती.

या पुऱ्यातली जनकाबाई. नवरा वारलेला, मुलगा नांदुऱ्याला कापसाच्या जिनात, घरात सून तानाबाई, पोटुशी, दिवस भरत आलेले. जनकाबाईचे गुडघे गेले होते, भरली घागर घेऊन नाला चढवेना, म्हणून धक्क्याखाली बसायची पाळी त्या अवघडलेल्या सुनेवर होती. मळ्याची वाट नाल्यातून. एकदा तानाबाई नाल्याच्या चढावर घागरीसकट घसरली. पोटातल्या पोराला काही झालं नाही, पण त्या दिवसापासून जनकाबाईच्या डोक्यात एकच गोष्ट बसली होती: पुऱ्याची स्वतःची विहीर. पाणाड्यानं नाल्याकाठी जागा दाखवली होती, एक खड्डा खणून पाहिला तर ओंजळभर गोडं पाणीही लागलं होतं. पंचायत समित्या नव्यानं सुरू झालेल्या. समिती गावाला यंदा एक काम देणार होती. एकच. विहीर मिळाली असती.

पण विहीर जमिनीत खाली जाते, साहेब. समाजमंदिर वर येतं. वर आलेलं सडकेवरून जाणाऱ्या मोठ्या साहेबाच्या मोटारीतून दिसतं. एवढंच तुमचं सारं विकासशास्त्र.

जनकाबाईला एक खोड होती, ती आधी सांगायला पाहिजे, कारण तुमचा गळ त्या खोडीलाच अडकला. ती सोंग छान करायची. निंदणाला, तण काढायला, बाया ओळीनं बसल्या आणि ऊन डोक्यावर आलं की कुणीतरी म्हणायचीच, “जनकाबाई, पाटील कर व जरा.” की जनकाबाई पदराचा फेटा करायची, पोट पुढं काढायची, विळ्याची छडी करायची आणि शेषराव पाटलासारखी मान एका अंगाला टाकून खाकरायची. बाया हसून हसून वाफ्यात लोळायच्या. पण हे सारं पाटलाच्या पाठीमागं. तिच्या मनात एक हौस होती, कुणाला न सांगितलेली: एकदा हे पाटलाच्या तोंडावर करावं, भर चावडीपुढं.

आणि या गावाचा एक कायदा होता, कुठं लिहिलेला नाही, पण सगळ्यांनी पाळलेला. सोंगातला शब्द घरी न्यायचा नाही. पोळ्याला तोरणाखाली बैल उभे राहिले की झडत्या म्हणतात, त्यात सालदार आपल्या धन्याची कंजुषी गावापुढं काढतो. धनी मिशीत हसतो आणि दुसऱ्या दिवशी त्याला कामावर घेतो. भारुडातली सासू सुनेला शिव्या देते म्हणून सुनेनं घरी जाऊन भांडायचं नसतं. आणि दुसरी बाजूही तेवढीच पक्की: एकदा सोंग घेतलं की मधेच टाकायचं नाही. मोडकं सोंग म्हणजे थुंकलेला विडा. हा कायदा पाटलालाही ठाऊक होता, पोरालाही. तुम्हाला नव्हता. किंवा होता. तेच तर विचारायचं आहे.

काम ठरवायला समितीनं गावात शिबिर ठेवलं. त्या दिवशी सकाळी जनकाबाई चावडीकडं निघाली, तेव्हा सडकेच्या कडेला मोकळ्या जागेत चुन्याच्या रेघा मारलेल्या दिसल्या. लांबट चौकोन, मधे आडव्या रेघा, एका बाजूला रेघ थोडी तुटलेली. तिला वाटलं, शिबिरानिमित्त पोरांसाठी हुतुतूचं मैदान आखलं असेल. ती चुना न पुसता, लुगडं सावरून, त्या रेघांना वळसा घालून गेली. मान राखला तिनं तुमच्या चुन्याचा.

चावडीपुढं सतरंज्या. ‘मागासवर्गीय महिला प्रतिनिधी’ पाहिजे म्हणून ग्रामसेवक इंद्रभान तिला बोलवून गेला होता. पाठीमागं पुऱ्यातल्या चार बाया कौतुकानं आल्या होत्या, त्यात पोट सांभाळत तानाबाईही. साहेब उभे राहिले. पुण्याकडची धुतलेली भाषा, हातात खडू.

“गरज वेगळी आणि हौस वेगळी, मंडळी. पोटाला भाकरी ही झाली गरज. भाकरीवर साखर ही झाली हौस.”

“भाकरीवर साखर कोन खाते व आत्याबाई?” तानाबाई मागून कुजबुजली.

“गप, पोरी. साहेब खात असंन.”

“आपल्या सगळ्यांचा घोटाळा असा होतो,” साहेब पुढं म्हणाले, “की आपण हौसेलाच गरज समजतो. म्हणून आज आपण एक खेळ खेळू. परदेशातसुद्धा खेळतात. जो जे आहे ते त्यानं व्हायचं नाही. दुसऱ्याची भूमिका घ्यायची. दुसऱ्याच्या डोळ्यांनी गाव पाहायचं. गावाला एकच काम मिळणार: विहीर की समाजमंदिर? चला. सरपंच होतील जनकाबाई. आणि जनकाबाई होतील सरपंच.”

चावडीत हशा फुटला. शेषराव पाटील हाच सरपंच. तो हसला, पण हात आपोआप डोक्याकडं गेला, कारण साहेब म्हणाले होते, “पाटील, तुमचा फेटा जरा बाईंना द्या.”

“फेटा?” पाटलाचं हसू चेहऱ्यावरच वाळलं. “साहेब, दुसरं काई मांगा. फेट्याले उवा हायेत.”

असा हा पाटील. पुऱ्यातल्या बाईच्या डोक्याला फेटा लागू नये म्हणून भर सभेत स्वतःच्या डोक्यात उवा कबूल करणारा. इंद्रभाननं घाईघाईनं टेबलावरचा तांबडा कपडा ओढून जनकाबाईला दिला. तिनं तो बांधला. एक शेमला खांद्यावर सोडला, मान एका अंगाला टाकली, आणि खाकरली.

सारी चावडी चपापली. शेषराव पाटील एकाएकी दोन झाले होते.

खऱ्या पाटलानं उपरण्याचा पदर घेतला, कंबर मोडली आणि बारीक आवाजात सुरू केलं, “पानी वाढा हो मायबाप! आमची घागर कोल्डीच हाय हो!” लोक खिदळले. पाटलाचा भाचा तर सतरंजीवर आडवा झाला. तानाबाई मात्र हसली नाही. तिनं ते शब्द आदल्याच दिवशी धक्क्याखाली बसून म्हटले होते, जसेच्या तसे.

जनकाबाईनं सुनेचं तोंड पाहिलं आणि तिच्या आत काहीतरी पेटलं. आता हा माणूस खरा कसा आहे ते मी याच्या गावाला दाखवते, असं तिला वाटलं. ती उकिडवी बसली नाही, लाजली नाही. छडी घेतल्यासारखी मूठ आवळून पुढं गेली.

“पानी? पानी काय तुह्या बापानं भरून ठेवलं काय व? इहीर पायजे म्हंते! आज इहीर देतो, उद्या वावर मांगसान. आन मले सांग जनके, तुमची इहीर झाल्यावर माह्या वावरात निंदाले कोन येईन? पान्यासाठी दबता म्हून तं आधेलीवर, अर्ध्या मजुरीवर येता कामाले! मले येडं समजते काय? तुमची तहान हेच माहं पीक हाय, माय. ते म्या कापू देऊ?”

हसू थांबलं. पाटलाच्या डोक्यावरचं उपरणं घसरलं. पिढ्यान् पिढ्या जे पुऱ्यात कुजबुजत बोललं जायचं ते पाटलाच्याच आवाजात, पाटलाच्याच खाकरण्यासकट, चावडीपुढं बोललं गेलं होतं. जनकाबाईनं मान आणखी एका अंगाला टाकली. असलं सुख तिला लग्नातही मिळालं नव्हतं.

आणि तुम्ही टाळ्या वाजवल्यात, साहेब. “वा! वा! काय भूमिका! मुंबईतसुद्धा असं काम पाहायला मिळत नाही!”

ती फुगली. का फुगू नये? जन्मात पहिल्यांदा कुणी शिकलेल्या माणसानं तिला ‘वा’ म्हटलं होतं. तुम्ही ते पाहिलंत. खेळ हेरणाऱ्याची नजर तुमची. लगेच खडू वर केलात.

“आता मत घेऊ. पण हं, भूमिका कोणी सोडायची नाही! भूमिकेत राहूनच हात वर करायचे. आधी आपल्या नव्या जनकाबाई. बोला, काय हवं?”

पाटील आता सावरला होता. बारीक आवाज, पण डोळे आपल्या जागेवर. “आमाले बापू समाजमंदिर पायजे. आमच्या लेकराईले बसाले सावली होईन. इहीरीचं काय, पाटील देतेच पानी.” हात वर.

“छान! आणि आता पाटील?”

जनकाबाई थांबली. पाटील विहिरीला हात वर करेल का? कधीच नाही. केला तर सोंग मोडलं. नुकतं ज्याला ‘वा’ मिळालं ते सोंग, चावडीपुढं, दोनशे डोळ्यांदेखत. आणि सोंगातला शब्द कोण घरी नेतो?

“समाजमंदिर,” ती पाटलाच्या आवाजात म्हणाली आणि हात वर केला.

“एकमतानं!” तुम्ही ओरडलात. ज्या तांबड्या कपड्याचा फेटा तिनं बांधला होता तो परत मागून घेतलात, झटकलात आणि टेबलावर अंथरलात. झटकलात, साहेब. उवा पाटलानं कबूल केल्या होत्या, झटकला तिचा फेटा.

पंधरवड्यानं, कपाशी फुटायला लागली तेव्हा, इंद्रभान पुऱ्यात आला.

“जनकाबाई, उद्या भूमिपूजन हाय. साहेबानं तुमाले खास बोलावलं. पुढच्या ओळीत खुर्ची.”

“इहिरीचं काय?” ती उठून उभी राहिली, गुडघे विसरून.

“समाजमंदिराचं.”

“काऊन?”

“आता काऊन म्हंता? तुमीच तं हात वर केला. पाटलाच्या भूमिकेतल्यानं केला, जनकाबाईच्या भूमिकेतल्यानं केला. दोन्ही अंगानं एकमत.”

“अरे लेका, ते सोंग होतं!”

इंद्रभान पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला. तो याच मुलुखातला, झडत्या म्हणून मोठा झालेला. “मले मालूम हाय, बाई. साहेब म्हंते, खेळात मानसाच्या पोटातलं खरं बाहेर येते. खेळातलं मतच अस्सल असते म्हंते.”

ती तशीच लंगडत मळ्यात गेली. पाटील धक्क्यावर बसून विडा लावत होता.

“पाटील, सोंगातला शब्द आपल्या गावात कोनी घरी नेते काय?”

“नाई नेत, जनका. कोन म्हंते?” पाटलानं चुना अंगठ्यानं पसरवला. “आता साहेबानं नेला तं मी काय करू? अन् मी तं तुह्याच भूमिकेत होतो. तुह्याच वतीनं मांगतलं. लेकराईले सावली म्हटलं म्या. वाईट म्हटलं काय?”

घरी आल्यावर तानाबाई रिकामी घागर पुढं ठेवून बसलेली. तिला बातमी आधीच लागली होती. “या पाटील,” ती म्हणाली, “बसा. फेटा उतरवा. पानी मांगू नका फक्त, घरात नाई. तुमच्याच हुकमानं नाई.”

“तानाबाई, जिभेले हाड हाय का?”

“तुमच्या जिभेले होतं काय, आत्याबाई? सारी चावडी हसवली तुमी. म्या बी हसावं म्हून थांबली होती. उद्या मह्या पोराले सांगजा, तुही इहीर आजीनं टाळ्याईवर देली.”

जनकाबाई दाराशी टेकून बसली. सून म्हणाली ते खरं होतं. तिला विहिरीची गरज होती आणि ‘वा’ची हौस होती, आणि ज्या साहेबानं तिला गरज आणि हौस शिकवली त्यानंच तिची हौस चारा म्हणून टाकून गरज गळाला लावली होती. एवढं तिला कळलं. मग सडकेकडच्या त्या चुन्याच्या रेघा आठवल्या. चौकोन. मधे आडव्या रेघा. हुतुतूच्या मैदानाला दरवाजा कशाला ठेवतात? चौकोनाच्या एका बाजूला दाराएवढी मोकळी जागा सोडलेली तिनं पाहिली होती, तिथूनच तर वळसा घेतला होता. हात वर व्हायच्या आधीच समाजमंदिराला दार होतं.

ती मोठ्यानं हसली. तानाबाई दचकली.

“तुह्या नवऱ्याचं जुनं धोतर कुठं हाय व?” जनकाबाईनं विचारलं. “आन पानी वढाचा सोल काढ. बादली काढ. पुऱ्यातल्या बायाईले सांग, उद्या घागरी घासून ठेवजा.”

दुसऱ्या दिवशी चुन्याच्या चौकोनापाशी मांडव. नारळ, कुदळ, झेंडूचे हार. जनकाबाईची खुर्ची रिकामी. साहेब बोलत होते, “या गावच्या मागासवर्गीय भगिनीनं स्वतःची विहिरीची मागणी मागं घेतली. केवढा हा त्याग! गावाच्या एकोप्यासाठी...”

“राम राम मंडळी!”

खाकरणं ऐकूनच सगळ्यांच्या माना वळल्या. डोक्यावर धोतराचा फेटा, शेमला खांद्यावर, मान एका अंगाला. मागं पुऱ्यातल्या बाया, कमरेवर घागरी. शेषराव पाटील मांडवातच दुसऱ्यांदा दोन झाले.

“अहो बाई,” साहेब हसले, “आज काही खेळ नाही.”

“बाई कोन? मी शेषराव पाटील. तुमीच केला मले. साहेब, माह्या शब्दाले किंमत हाय ना? त्या दिशी म्या हात वर केला तं हे मंदिर उभं होऊन राह्यलं. इतला मोठा शब्द माहा! मंग अजून एक शब्द आइका. माह्या मळ्यातली इहीर आजपासून पुऱ्याले मोकळी. सोल त्याईचा, बादली त्याईची, हात त्याईचा. पाटलाचा शब्द हाय. चला व मायहो.”

मांडवातून कुणीतरी फिसकन् हसलं. बाया मळ्याच्या वाटेला लागल्या. पाटील कुदळ टाकून धावला.

“ए जनके! कुठं चालली?”

“जनका तं तुमी हा,” ती न थांबता म्हणाली. “पदर घ्या अन् गुमान रांगेत उभे राहा. पाटलाले दया आली तं देईन पानी.”

आता हसू आवरेना. पाटलाचे सालदार हसले, भाचा हसला, इंद्रभाननं तोंडावर हार धरला. हसणाऱ्या गावातून हात उगारणं पाटलालाही जमेना. एवढ्या वेळात जनकाबाई धक्क्यावर चढली होती. खाली नाही, वर. तिनं बादली सोडली. रहाट ओळखीच्या माणसाशी बोलावं तसा बोलला.

साहेब चिखल तुडवत पोचले. बुटाचा रंग ओळखू येत नव्हता. “बाई, हे बेकायदा आहे! ही खासगी विहीर आहे. तो खेळ होता, खेळ! खेळातलं बोलणं असं खऱ्यात आणायचं नसतं. एवढंसुद्धा कळत नाही तुम्हाला?”

जनकाबाईनं एका हातानं सोल धरला, दुसऱ्यानं फेटा उतरवून धक्क्यावर ठेवला. पांढरे केस मोकळे झाले. आवाज आता तिचा होता, जाडा, थकलेला.

“कळते, साहेब. गावाच्या पोट्ट्याईले बी कळते. तुमाले आजच कळलं. हे पाहा, उतरवलं म्या सोंग. आता जनका इचारते. त्या दिशी वर झाला तो हात कोनाचा होता? पाटलाचा असंन, तं जनकाबाईनं इहीर सोडलीच नाई. मंग ते नारळ नाल्याकाठी आना, आन तिथं कुदळ मारा. अन् माहा असंन, फेट्याखालचा शब्द बी माहाच असंन, तं आताचा बी माहाच हाय, अन् हे पानी आमचं. आन सडकेवर चुना काऊन आधी पडला, ते बी सांगा. तुमचं कोनतं खरं अन् कोनतं खेळ? बादली अर्ध्यात हाय, माही सून तिसऱ्या घागरीपाशी उभी हाय, अन् माह्या हाताले कळ येऊन राह्यली. बोला, साहेब. खडू नाई हातात म्हून गप हा काय? बोला!”